स्वगतीने अध्ययन : अभिक्रमित पाठापासून डिजिटल घटकसंचापर्यंत

प्रस्तावना
डिजिटल घटकसंचामुळे विद्यार्थ्याला स्वतःच्या गतीने शिकता येते व त्याची संपादणूक वाढते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु स्वगतीने अध्ययनाची कल्पना संगणकाच्या प्रसारापूर्वीची आहे. कळंब (जि. यवतमाळ) सारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयीन शिक्षणाच्या संदर्भात तिच्या वाटचालीचा हा आढावा होय.

तात्त्विक पार्श्वभूमी
अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५४ मध्ये अभिक्रमित अध्ययनाची बाजू मांडली. आशयाच्या लहान पायऱ्या, प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याचा प्रतिसाद आणि तात्काळ प्रत्याभरण ही त्याची सूत्रे होत. फ्रेड केलर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या योजनेत एका घटकावर प्रभुत्व मिळाल्यावरच पुढील घटक दिला जाई. विद्यार्थ्याची तयारी झाली की चाचणी होई. चुका समजावण्यास सहाध्यायी मार्गदर्शक असत. अध्ययनाची गती आणि मूल्यमापन यांची येथे सांगड होती.

महाराष्ट्रातील वाटचाल
१९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रथम कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळात स्वयंअध्ययनाची पुस्तके व अभ्यासकेंद्रे यांची जोड घालण्यात आली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकावरील अध्ययन गावोगावच्या केंद्रांत नेले. २०१७ मध्ये केंद्र शासनाचे 'स्वयम्' व्यासपीठ सुरू झाले. माध्यम बदलत गेले; पदवी परीक्षेचे वेळापत्रक मात्र सर्वांसाठी एकच राहिले.

कळंबच्या संदर्भात
यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. कापूस वेचणीचा हंगाम व हिवाळी सत्राच्या परीक्षा जवळपास एकाच सुमारास येतात. शेतात राबणारा विद्यार्थी रात्री मोबाइलवर पाठ उघडू शकतो. परंतु दुसरा घटक कच्चा असतानाही त्याला पाचव्या घटकाची परीक्षा द्यावी लागते. अशा वेळी स्वगती केवळ पडद्यापुरती उरते, आणि मागे पडल्याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो.

निष्कर्ष
स्वगतीचे बळ केवळ साधनात नसून प्रत्याभरणात व पुन्हा चाचणी देण्याच्या संधीत आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. विद्यापीठीय परीक्षेची तारीख महाविद्यालयाच्या हाती नसली तरी वर्गातील सराव चाचण्या त्याच्या हाती असतात. त्या घटकनिहाय व एकापेक्षा अधिक वेळा घेणे, तसेच शंकानिरसनाची तासिका राखून ठेवणे, हे घटकसंच तयार करण्याइतकेच महत्त्वाचे आहे.