नांदेड व लातूरमधील दुमजली पलंग

दुमजली पलंग म्हणजे एकाच सांगाड्यात एकावर एक अशा दोन शय्या बसवलेले झोपण्याचे फर्निचर होय. बोलीभाषेत त्याला डबल डेकर बेड, बंक बेड किंवा दुमजली कॉट असे म्हणतात. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या शहरांत त्याचा वापर घरांपेक्षा विद्यार्थी वसतिगृहांत अधिक आढळतो. तेथे पलंगाची निवड बहुधा खोलीत किती मुले मावतील या हिशेबाने केली जाते. वरच्या शय्येवरून पडणे, छताच्या पंख्याचा धोका, उन्हाळ्यातील उष्णता आणि सांगाड्याचा डळमळीतपणा हे या पलंगाच्या सुरक्षिततेशी निगडित असलेले प्रमुख प्रश्न आहेत.

== पार्श्वभूमी ==

मराठवाड्यातील पारंपरिक घरांत मुलांसाठी स्वतंत्र पलंग ठेवण्याची रीत नव्हती. घरातील बाज वृद्ध माणसांसाठी किंवा बाळंतिणीसाठी असे. मुले सतरंजी आणि वाकळ अंथरून जमिनीवर झोपत, आणि उन्हाळ्यात सगळे कुटुंब माळवदावर जाई. बाजेची उंची गुडघ्याएवढी असल्याने तिच्यावरून पडून मोठी इजा होण्याचा प्रश्न सहसा येत नसे. पलंगाला कठडा असावा ही कल्पना या भागात बाहेरून आली, ती पाळण्यापुरती मात्र आधीपासून होती.

दुमजली पलंगाचा प्रसार वसतिगृहांमुळे झाला. १९८५-८६ पासून सुरू झालेल्या जवाहर नवोदय विद्यालयांत सहावीपासूनची मुले निवासी असतात. नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरात आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत आणि तेथे पहिलीपासूनची मुलेही निवासी असू शकतात. परंतु या दोन शहरांत दुमजली पलंगाला खरी मागणी आली ती लातूर पॅटर्नमुळे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात रुजलेल्या या अध्यापनपद्धतीशी जनार्दन वाघमारे यांचे नाव जोडले जाते. १९९४ मध्ये नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होत. बोर्डाच्या गुणवत्ता यादीसाठी प्रसिद्ध झालेला हा पॅटर्न पुढे वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीकडे वळला. लातूरचा उद्योग भवन परिसर आणि नांदेडमधील भाग्यनगर, श्यामनगर हे भाग खासगी शिकवण्यांचे केंद्र बनले. त्यांच्याभोवतीच्या राहत्या घरांचे वरचे मजले हळूहळू वसतिगृहांत रूपांतरित झाले. ही घरे कुटुंबासाठी बांधलेली होती, हे पुढील बहुतेक अडचणींचे मूळ आहे.

== खोलीचे माप ==

या भागातील घरांत दहा बाय बारा फुटांची खोली सर्वसामान्य आहे. तिचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट भरते. बालगृहांना लागू असलेल्या बाल न्याय आदर्श नियम, २०१६ मध्ये शयनगृहात प्रत्येक बालकामागे ४० चौरस फूट जागा धरलेली आहे. या मापाने अशा खोलीत तीन मुले राहू शकतात. खासगी वसतिगृहांना हा नियम लागू नाही, तरी तुलनेसाठी तो उपयोगी पडतो. दोन लांब भिंतींना एकेक दुमजली पलंग लावला की त्याच खोलीत चार मुले बसतात आणि तिसरा पलंग घातला की सहा. सहा मुलांच्या खोलीत अभ्यासाचे टेबल मावत नाही, त्यामुळे मुले शय्येवरच बसून अभ्यास करतात. अशा वेळी खालच्या शय्येवर ताठ बसता येते की नाही हा आरामाचा मुख्य निकष ठरतो. खालची गादी आणि वरच्या शय्येचा तळ यांत किमान ८५ ते ९० सेंटिमीटर अंतर असले तर बहुतेक शाळकरी मुलांना मान न वाकवता बसता येते. दोन शय्यांमधील अंतर कमी ठेवून पलंगाची एकूण उंची आणि खर्च वाचवण्याकडे कारागिरांचा कल असतो. म्हणून खरेदीपूर्वी मुलाला प्रत्यक्ष बसवून पाहणे हिताचे असते.

वरच्या शय्येसाठी छताची उंचीही पाहावी लागते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर असते. वरची गादी जमिनीपासून १.६ मीटरवर असेल तर अशा खोलीत तिच्यावर १.१५ मीटर जागा उरते. बसण्यास ती पुरते, गुडघ्यांवर उभे राहण्यास पुरत नाही. चादर नीट घालताना मुले गुडघ्यांवरच उभी राहतात, ही बाब दुकानात कोणाच्या लक्षात येत नाही.

== छताचा पंखा ==

परदेशी मार्गदर्शिकांत पंख्याचा उल्लेख इतर सूचनांबरोबर एखाद्या ओळीत येतो. मराठवाड्यात मात्र तो सर्वांत आधी पाहण्याचा मुद्दा आहे, कारण वर्षातील आठ-नऊ महिने पंखा रात्रभर चालू असतो.

दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर रुंदीच्या खोलीत मध्यभागी टांगलेला पंखा भिंतीपासून दीड मीटरवर येतो. नेहमीच्या १२०० मिलिमीटर पंख्याचे पाते मध्यापासून ६० सेंटिमीटर पोहोचते. म्हणजे पात्याचे टोक भिंतीपासून साधारण ९२ सेंटिमीटरवर फिरते. भिंतीला लावलेला पलंग ९० सेंटिमीटर रुंद असतो. याचा अर्थ असा की नेहमीच्या खोलीत, नेहमीच्या ठिकाणी ठेवलेल्या नेहमीच्या पलंगाच्या कडेला पात्याचे टोक जवळजवळ भिडते, आणि दोन्ही भिंतींना पलंग असल्यास दोन्ही बाजूंनी भिडते. उंचीचा हिशेबही तसाच आहे. पाती जमिनीपासून २.६ ते २.७ मीटरवर असतात. दीड मीटर उंचीचे मूल १.६ मीटरवरील गादीवर बसले तर त्याचे डोके २.४ मीटरच्या आसपास येते आणि वर केलेला हात पात्यांच्याही वर जातो. अंगरखा काढणे, आळस देणे किंवा झोपेतून दचकून उठणे एवढ्यानेही हात पात्याला लागू शकतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे छताचा पंखा काढून प्रत्येक शय्येसाठी भिंतीवर जाळीचा पंखा बसवणे. जाळीची छिद्रे बोट आत न जाण्याइतकी बारीक असावीत. ते शक्य नसल्यास पंख्याखालील बाजूस फक्त एकमजली पलंग ठेवावा आणि दुमजली पलंग कोपऱ्यात, खोलीच्या आखूड भिंतीला लावावा. पंख्याची दांडी कापून तो छताजवळ नेण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. त्याने वारा कमी होतो आणि धोका मात्र पूर्ण जात नाही. घरात दुमजली पलंग घेणाऱ्या पालकांनाही हाच हिशेब लागू आहे.

== उष्णता ==

एप्रिल-मे महिन्यांत दोन्ही शहरांत कमाल तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि तापलेली हवाही वरच साचते. त्यामुळे शेवटच्या मजल्यावरील खोलीत वरची शय्या खालच्या शय्येपेक्षा स्पष्टपणे अधिक तापते. पत्र्याच्या छताखाली उन्हाळ्यात वरची शय्या वापरू नये हेच योग्य. खिडकीत बसवलेल्या कूलरचा झोत सहसा खालच्या शय्येच्या उंचीवर असतो, वर तो पोहोचत नाही. गच्चीला पांढरा चुना देणे, खिडकीच्या वर झरोका ठेवणे आणि वरच्या शय्येचा कठडा बंद फळीचा न करता गजांचा करणे या साध्या गोष्टींनी फरक पडतो. वसतिगृहांत वरची शय्या बहुधा उशिरा आलेल्या किंवा लहान विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. काही ठिकाणी उन्हाळ्यात शय्यांची अदलाबदल केली जाते, ती पद्धत न्याय्य आहे.

== कठडा, शिडी आणि वय ==

दुमजली पलंगाच्या दुखापतींचा विस्तृत अभ्यास अमेरिकेत झालेला आहे. १९९० ते २००५ या काळातील रुग्णालयीन नोंदींवर आधारित आणि २००८ मध्ये 'पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथे दरवर्षी सरासरी सुमारे ३६,००० मुले व तरुण अशा पलंगांमुळे जखमी होत. सुमारे निम्मे जखमी सहा वर्षांखालील होते आणि बहुतेक दुखापती पडण्यामुळे झालेल्या होत्या. १८ ते २१ या वयोगटातही प्रमाण वाढलेले आढळले आणि त्याचा संबंध अभ्यासकांनी वसतिगृहांशी जोडला. मूल मोठे झाले की धोका संपतो हा समज त्यामुळे टिकत नाही.

अमेरिकेच्या नियमांनुसार वरच्या शय्येला दोन्ही बाजूंनी कठडा आवश्यक असतो, भिंतीकडील बाजूलासुद्धा. भिंत आणि पलंग यांच्यातील फटीत मूल अडकून गुदमरण्याचा धोका हे त्याचे कारण आहे. कठड्याची वरची कड गादीच्या पृष्ठभागापेक्षा किमान पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर उंच असावी आणि कठड्यातील मोकळी जागा साडेतीन इंचांपेक्षा, म्हणजे ८९ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असे ते नियम सांगतात. लहान मुलाचे धड जिथून जाईल आणि डोके अडकेल अशी फट राहू नये हा या दुसऱ्या मापामागील हेतू आहे. युरोपातील ईएन ७४७ या मानकातील मापे थोडी वेगळी असली तरी तत्त्व हेच आहे. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मधील फर्निचरविषयक मानकांच्या मालिकेत दुमजली पलंगांचा समावेश केला आहे. स्थानिक वर्कशॉपमध्ये मापे सांगून करून घेतलेल्या पलंगात मात्र ही मापे ग्राहकाने स्वतःच सांगावी लागतात.

कठड्याची उंची गादीवर अवलंबून असते, आणि येथेच या भागातील एक नेहमीची चूक होते. पलंग चार इंची काथ्याच्या गादीसाठी बनवलेला असतो. घरून येणारी कापसाची गादी नवी किंवा नुकतीच पिंजलेली असेल तर सहा-सात इंच फुगते, त्यावर वाकळ पडते आणि कठडा नावापुरता उरतो. गादी दबून बसल्यावर तो पुन्हा पुरेसा वाटू लागतो. म्हणून माप गादी सर्वांत फुगलेली असताना घ्यावे.

सहा वर्षांखालील मुलांना वरच्या शय्येवर झोपवू नये असा इशारा अमेरिकेत पलंगावरच छापावा लागतो. ऑस्ट्रेलियात हीच मर्यादा नऊ वर्षे सांगितली जाते. आश्रमशाळांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे वय पाहता तेथे खालची शय्या किंवा एकमजली पलंगच योग्य ठरतो. झोपेत चालणारी, अंथरूण ओले करणारी, फिट येणारी किंवा तापाने आजारी असलेली मुले वयाने मोठी असली तरी खालीच झोपवावीत.

शिडीबाबत सर्वसाधारण तक्रार अशी की ती पलंगाच्या पायाला सरळ उभी जोडलेली आणि गोल गजांची असते. रात्री लघवीसाठी उतरताना अनवाणी पायाला गोल गज रुततो आणि ओल्या पायाने घसरतो. चपटी, खरबरीत पट्टी बसवलेली आणि किंचित तिरकी शिडी अधिक सोयीची असते. वरच्या शय्येच्या हाताशी एक बटण किंवा लहान रात्रदिवा असला तर अंधारात उडी मारून उतरण्याची सवय लागत नाही. वीज जाण्याचे प्रमाण लक्षात घेता विजेरीही जवळ असावी.

== बांधणी व साहित्य ==

किनवटच्या जंगलातील सागवान प्रसिद्ध असले तरी वसतिगृहांत लाकडी दुमजली पलंग क्वचित दिसतो. बहुतेक पलंग लोखंडी चौकोनी पाइप किंवा अँगलचे असतात आणि दोन्ही शहरांतील फॅब्रिकेशनच्या दुकानांत बनतात. वजनावर दर ठरत असल्याने पाइपची जाडी कमी करणे हा स्वस्तात पलंग देण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. १८ गेजचा पाइप सुमारे १.२ मिलिमीटर आणि १६ गेजचा सुमारे १.६ मिलिमीटर जाड असतो. खांब आणि आडव्या पट्ट्यांसाठी १६ गेज घेणे इष्ट. हा फरक रंग दिल्यावर डोळ्यांना दिसत नाही, पाइपच्या उघड्या टोकाशी मोजावा लागतो. नंतर ही टोके प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करावीत, अन्यथा ती कापतात आणि आत ढेकूण घर करतात. ढेकूण नट-बोल्टच्या सांध्यांतही राहतात, त्यामुळे पूर्ण वेल्डिंग केलेला पलंग स्वच्छतेच्या दृष्टीने बरा. तो दारातून आत जात नाही ही त्याची अडचण आहे.

पलंग हलवून पाहणे ही सर्वांत उपयुक्त परीक्षा आहे. वरच्या कडेला धरून लांबीच्या दिशेने ढकलल्यावर सांगाडा झुलत असेल तर कोपऱ्यांत तिरकस आधारपट्ट्या नाहीत असे समजावे. वरचा तळ प्लायवूडचा असल्यास त्याखाली किमान तीन आडवे आधार असावेत.

पलंगाला दोरी, ओढणी किंवा पट्टा टांगून ठेवू नये. लहान मुलांच्या गळ्याला फास बसण्याचे प्रकार परदेशांत नोंदले गेले आहेत. मच्छरदाणी पंख्याला न बांधता चारही खांबांना वेगळे गज लावून त्यांवर ताणावी. वरच्या शय्येची मच्छरदाणी कठड्याच्या आत खोचावी लागते, नाहीतर मूल जाळीलाच आधार समजून टेकते.

== भूकंप ==

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात ६.२ रिश्टर क्षमतेचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगड-मातीच्या भिंती आणि माळवदांखाली सापडली. पूर्वी अत्यल्प धोक्याचा मानला गेलेला हा परिसर २००२ च्या भारतीय मानकात तिसऱ्या भूकंपक्षेत्रात टाकण्यात आला. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेड शहरातही जाणवले.

या पार्श्वभूमीवर उंच आणि अरुंद असलेला दुमजली पलंग भिंतीला अँकर बोल्टने जखडणे आवश्यक ठरते. जमिनीवर सुटा ठेवलेला पलंग वरच्या शय्येवर माणूस असताना उलटण्याची शक्यता वाढते, कारण त्याचा गुरुत्वमध्य वर सरकतो. पलंगाच्या वरच्या भिंतीवर पुस्तकांचे फडताळ किंवा पत्र्याची पेटी ठेवू नये. पलंग काचेच्या खिडकीला किंवा दाराला आडवा येईल असाही लावू नये. सहा मुलांच्या खोलीत तिसरा पलंग पुष्कळदा दाराआडच येतो, आणि मग दार अर्धेच उघडते.