कोंडवाडा आणि पांजरपोळ

भटक्या जनावराला ठेवण्याच्या जागेसाठी मराठीत दोन शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कोंडवाडा सरकारी, पांजरपोळ धर्मादाय. जनावराने कुणाच्या तरी पिकात तोंड घातलं की त्याची रवानगी कोंडवाड्यात; त्याला सांभाळणारं कुणी उरलं नाही की पांजरपोळात. आमच्या न्यू जर्सीतल्या टाउनशिपच्या अ‍ॅनिमल शेल्टरचा मी गेली नऊ वर्षं खजिनदार आहे (मंडळाची खजिनदारी केलेली असल्यामुळे वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागण्याची सवय होतीच). यंदा टाउनशिपने जनावरांविषयीची जुनी नियमावली नव्याने लिहायला घेतली आणि त्या समितीवर माझीही नेमणूक झाली. दोन-तीन बैठकांतच लक्षात आलं की आमचे सगळे वाद या दोन शब्दांमधले आहेत. म्हणून थोडा मागचा इतिहास चाळला, तो वाचकांपुढे ठेवतो.

आधी कोंडवाडा. हिंदुस्थानात 1871 साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. शेतात शिरलेलं जनावर पकडून कोंडवाड्यात घालायचं, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यायचं. सात दिवसांत कुणी आलं नाही तर नोटीस, आणि नोटिशीनंतरही कुणी आलं नाही तर लिलाव. अमेरिकेतही हेच होतं. न्यू इंग्लंडमधल्या जुन्या गावांत दगडी भिंतींचे चौकोनी कोंडवाडे अजून उभे आहेत, फिरायला गेलात तर जरूर बघा. दोन्हीकडे कायद्याला चिंता होती ती शेतकऱ्याच्या पिकाची आणि मालकाच्या मालमत्तेची. जनावराचे हाल होत नसत ते केवळ त्याला किंमत होती म्हणून. मेलेल्या बैलाचा लिलाव होत नाही!

शहरं वाढली आणि कोंडवाड्यात गुरांच्या जागी कुत्री येऊ लागली. भटक्या कुत्र्याला बोली कोण लावणार? मुदत संपली की लिलावाच्या जागी मरण आलं. न्यूयॉर्कमध्ये एकोणिसाव्या शतकात उन्हाळा आला की पिसाळलेल्या कुत्र्यांची धास्ती पसरायची आणि कुत्रं आणून देणाऱ्याला बक्षीस मिळायचं. पोरांचा धंदाच झाला. पुढे ईस्ट रिव्हरच्या काठावरच्या कोंडवाड्यात कुत्री लोखंडी पिंजऱ्यात भरून पिंजरा यारीने नदीत बुडवत. 1877 च्या जुलैत एकाच दिवशी सातशेहून जास्त कुत्री अशी मारली गेली.

हा वाद मुंबईत त्याच्याही पंचेचाळीस वर्षं आधी पेटला होता. कंपनी सरकारच्या नियमानुसार वर्षातल्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्री मारायला परवानगी होती. 1832 साली ती मुदत वाढवली गेली, आणि दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्यामुळे पकडणारे घरात शिरूनही कुत्री ओढून नेतात अशी तक्रार सुरू झाली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. अंत्यविधीत मृतावर त्याची नजर पडावी लागते. 6 जूनला पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, इतर व्यापारीही सामील झाले आणि फौजेची रसद अडली. शेवटी लष्कर बोलवावं लागलं. सरकारची बाजू अगदीच खोटी होती असं म्हणता येणार नाही. पाश्चरची लस यायला अजून अर्धशतक होतं, आणि पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला रोग जडला की तो वाचत नसे. पण भीती खरी असली तरी आठ आण्यांचा उपाय चुकीचा होता, कारण जो चावतो तो कुत्रा पकडण्यापेक्षा जो पकडू देतो तो पकडणं सोपं असतं.

दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद या एका पारशी आणि एका जैन व्यापाऱ्याने भुलेश्वरजवळ मुंबईचा पांजरपोळ काढला. गायीगुरांबरोबर कुत्र्यांनाही तिथे जागा होती. सरकारचा कोंडवाडा आणि लोकांचा पांजरपोळ असे मुंबईने दोन वेगळे दरवाजे ठेवले.

अमेरिकेत मात्र दोन्ही कामं एकाच दरवाज्यातून करायचा प्रयत्न झाला. हेन्री बर्ग यांनी 1866 साली न्यूयॉर्कमध्ये प्राणी-क्रूरता निवारक संस्था काढली, पण शहराचा कोंडवाडा चालवायला त्यांनी ठाम नकार दिला. क्रूरता थांबवायला निघालेल्यांनी मारण्याचं कंत्राट घेऊ नये, हा त्यांचा मुद्दा. फिलाडेल्फियात कॅरोलाइन अर्ल व्हाइट यांनी उलट विचार केला. त्यांच्या खटपटीने जी संस्था उभी राहिली तिच्या कारभारी मंडळात बाई म्हणून त्यांनाच जागा नव्हती. तेव्हा 1869 मध्ये त्यांनी बायकांची वेगळी शाखा काढली आणि शहराशी करार करून कोंडवाड्याचं काम हाती घेतलं. मारणं थांबणार नसेल तर निदान अन्न, पाणी आणि कमी यातना तरी मिळोत, हा त्यांचा हिशोब. मला विचाराल तर दोघंही बरोबर होते, आणि हीच या इतिहासातली अडचण आहे.

बर्ग 1888 मध्ये वारले. 1894 साली त्यांच्याच संस्थेने न्यूयॉर्कचा कोंडवाडा स्वीकारला. खर्चासाठी कुत्र्याच्या लायसन्सचे वर्षाला दोन डॉलर. बुडवणं बंद होऊन गॅस आला. हा संसार शंभर वर्षं चालला आणि 1994 च्या अखेरीस संस्थेने तो सोडून दिला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या संस्थेने त्याआधीच, 1984 मध्ये, करार संपवणार असल्याचं कळवलं होतं. 1989 पासून शहराने आपलं खातं काढलं, आणि तेही संस्थेच्या जवळजवळ शेजारीच. 1994 मध्ये दोघांचा करार झाला की शहराच्या शेल्टरमधलं घर मिळण्याजोगं एकही कुत्रं-मांजर मारलं जाणार नाही, शहराला जमलं नाही तर संस्था घेईल. म्हणजे पुन्हा कोंडवाडा आणि पांजरपोळ, पण मधली भिंत पाडून!

आकडे खाली आले ते मात्र मुख्यतः निर्बीजीकरणाने. लॉस एंजेलिसने 1971 मध्ये स्वस्तात शस्त्रक्रिया करणारा सरकारी दवाखाना उघडला, मग इतरांनी. त्या दशकात अमेरिकेतल्या शेल्टरांत वर्षाला एक कोटीहून जास्त जनावरं मारली जात असा अंदाज आहे. आता तो आकडा दहा लाखांच्या आत आहे.

आता आमची नियमावली. न्यू जर्सीच्या कायद्यात पकडलेल्या जनावराला सात दिवस ठेवावं लागतं. तेच सात दिवस, गुरांच्या कायद्यातले! त्यावर वाद नाही. वाद ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येवर आहे. जुन्या नियमात जनावराला ‘आसरा देणारा’ही मालक ठरतो. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका दुकानांच्या मागच्या आवारात अकरा मांजरांना रोज खायला घालतात. पकडून, शस्त्रक्रिया करून, लस टोचून पुन्हा तिथेच सोडतात, आणि बरेचदा खर्च पेन्शनीतून. नियमाप्रमाणे त्या अकरा मांजरांच्या मालकीण, म्हणून दंडास पात्र. उद्या दंड झाला तर त्या थांबतील आणि दोन वर्षांत अकराची चाळीस होतील. दुसरी बाजूही आहे. मागच्या घरातल्या लहान मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात मांजरं घाण करतात, आणि त्यांची आई बैठकीत उगाच चिडलेली नव्हती.

भारतात हाच प्रश्न कुत्र्यांच्या रूपाने आहे. मुंबई महापालिका गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत कुत्री मारत होती. 2001 च्या नियमांनी निर्बीजीकरण करून जागच्या जागी सोडण्याचा मार्ग घेतला, आणि 2023 च्या नियमांनी ‘सामुदायिक प्राणी’ असा शब्द आणून खायला घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनांवर टाकली. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी कुत्री शेल्टरमध्ये हलवायला सांगितलं आणि अकरा दिवसांनी तो आदेश बदलला. इतकी शेल्टरं आणायची कुठून, हे कुठल्याही खजिनदाराने आधीच सांगितलं असतं.

ते ‘सामुदायिक’ मी आमच्या समितीत मांडलं. ताज्या मसुद्यात ‘मालक’ आणि ‘सांभाळणारा’ वेगळे केले आहेत: सांभाळणाऱ्याने नाव नोंदवायचं, शस्त्रक्रियेचा आणि लशीचा दाखला द्यायचा, जागा शेजाऱ्यांशी बोलून ठरवायची, दंड नाही. पाच जणांपैकी तिघं बाजूने आहेत. टाउनशिप कौन्सिलपुढे दुसरं वाचन पुढच्या महिन्यात आहे आणि तिथे कुणाही रहिवाशाला तीन मिनिटं बोलता येतं. आपल्या मंडळातली सात-आठ कुटुंबं याच टाउनशिपमध्ये राहतात. त्यांनी यावं, मग मत कुठल्याही बाजूचं असो.