एका घराचे दोन जिने

सनावळ्या पाठ करून कंटाळलेल्या मुलांना कधीतरी एखादे घर वाचायला द्यावे, असे आम्हाला नेहमी वाटते. भिंती, खिडक्या, जिने ही त्याची अक्षरे. असे वाचण्याजोगे एक घर आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे हेन्रिएटा स्ट्रीटवर उभे आहे. त्याचा क्रमांक १४.

ब्रिटनच्या गादीवर १७१४ पासून १८३० पर्यंत ओळीने चार जॉर्ज बसले. त्या काळातल्या बांधणीला 'जॉर्जियन' म्हणतात. आपले हे घर १७४० च्या दशकाच्या अखेरीस ल्यूक गार्डिनर या धनिकाने बांधले. बाहेरून पाहाल तर साधी विटांची भिंत. सगळी श्रीमंती आत. पण खिडक्या चुगली करतात. त्या काळच्या घरांत पाहुण्यांना मिरवून दाखवायच्या मजल्याच्या खिडक्या उंच असत आणि वर जावे तशा त्या आखूड होत जात. कोणत्या मजल्यावर कोणाचा वावर, हे रस्त्यावरूनच कळावे!

पहिले रहिवासी होते लॉर्ड मोल्सवर्थ, आयर्लंडमधल्या ब्रिटिश फौजांचे सरसेनापती. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर दिवाणखाने, त्यावर कुटुंबाच्या खोल्या, तळघरात स्वयंपाक. जिने दोन. दर्शनी जिना भव्य, पण तो पहिल्या मजल्यापर्यंतच जाई. पाहुण्यांना त्याच्या वर काम नव्हते. मागचा जिना मात्र थेट माळ्यापर्यंत. कोळसा आणि पाणी वर न्यायचे, राख आणि मैला खाली आणायचा, हे काम नोकरांचे. घरात नळ नव्हता याची मालकांना कधी अडचण झाली नाही. त्यांचा नळ दोन पायांवर चालत होता.

१८०० च्या कायद्याने डब्लिनची पार्लमेंट लंडनमध्ये विलीन झाली आणि तिच्या मागोमाग उमराव मंडळीही शहर सोडू लागली. गल्लीत वकिलांची ये-जा वाढली. १८४५ पासून बटाट्यावरच्या करप्याने देशात भीषण दुष्काळ पाडला. कर्जात बुडालेल्या जमीनदारांच्या इस्टेटी विकण्यासाठी जे न्यायालय नेमले गेले, ते १८५० च्या दशकात याच घरात बसत असे. जमीनदारांच्या वाड्यात जमीनदारांचा लिलाव! पुढे काही वर्षे सैनिक राहिले.

१८७६ मध्ये थॉमस व्हान्स नावाच्या मालकाने हे घर विकत घेतले आणि त्याची १९ बिऱ्हाडे पाडली. आपल्याकडच्या चाळी भाडेकरूंसाठीच बांधल्या गेल्या. ही चाळ मात्र वाड्यातून कापून काढलेली. ती इतक्या सहज कशी कापता आली? उत्तर बांधणीतच आहे. थंड हवेमुळे जवळजवळ प्रत्येक खोलीला स्वतःची शेकोटी आणि धुराडे होते. म्हणजे प्रत्येक खोलीत चूल पेटू शकत होती. पार्टिशन घातले की झाले एक बिऱ्हाड. पाणी आणि शौचकूप यांची सोय मात्र मूळ आराखड्यात नव्हतीच. व्हान्सने जिन्याच्या चौकात शौचकूप, गॅस आणि व्हार्ट्री नदीचे नवे नळपाणी मिळेल अशी जाहिरात केली होती. सुरुवात अगदीच वाईट नव्हती, असे आम्ही म्हणू.

पण जागा वाचवण्यासाठी त्याने तो भव्य जिना काढून टाकला. उरला मागचा जिना. १९११ च्या शिरगणतीत या एका घरात १७ कुटुंबांतली १०० माणसे नोंदली आहेत, म्हणजे दर कुटुंबात सरासरी सहा. ती सारी त्या एकाच जिन्याने चढत-उतरत होती. आता पाणी वाहायला नोकर नव्हते. ज्याचे त्याने वाहायचे.

सप्टेंबर १९१३ मध्ये शहरातल्या चर्च स्ट्रीटवर अशीच दोन घरे कोसळून सात माणसे दगावली. त्यानंतरच्या सरकारी चौकशीत आढळले, की डब्लिनमधली २०,००० हून अधिक कुटुंबे एकेका खोलीत राहतात. तरीही आपल्या १४ नंबरमधली शेवटची बिऱ्हाडे हलली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस.

पुढे डब्लिनच्या नगरपालिकेने घर ताब्यात घेतले आणि खरा पेच उभा राहिला. दुरुस्ती करायची ती कोणत्या घराची? भिंतीवरचे कागदाचे थर आणि जमिनीवरचे लिनोलियम खरवडून काढले, तर मोल्सवर्थसाहेबांचा वाडा पुन्हा चमकला असता. पण मग शंभर वर्षे इथे संसार केलेली माणसे पुसली गेली असती. कागदांचे आणि लिनोलियमचे तुकडे जपून ठेवले गेले, जुन्या रहिवाशांच्या आठवणी गोळा झाल्या, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये घराचे संग्रहालय झाले. त्यात दोन्ही घरे दिसतात. हा निर्णय आम्हाला पटतो.

मागच्या जिन्याच्या भिंतींवर बिऱ्हाडांच्या काळातले दोन रंग आहेत. खालचा तांबडा, म्हणजे आपला गेरू, लोहाचे ऑक्साइड. वरचा निळा, रेकिट कंपनीच्या निळीचा. याच कंपनीची 'रॉबिन' नीळ आपल्या घरी पांढऱ्या कपड्यांसाठी येत असे.