कोणतं वाघूळ?

२०२० च्या एप्रिलमध्ये मी हिंजवडीतली भाड्याची खोली सोडून सोलापुरात घरी येऊन बसलो होतो. दिवसा लॅपटॉप, संध्याकाळी गच्ची. आमच्या घराच्या मागे एक पडका वाडा आहे. मालकांची भांडणं कोर्टात, त्यामुळे मी शाळेत होतो तेव्हापासून तो तसाच. त्याच्या माळवदाच्या तुळयांमधून रोज दिवेलागणीला वाघळं बाहेर पडायची. अंगठ्याएवढी, काळपट, एकामागून एक. लहानपणी आम्ही ती मोजायचो आणि साठ-सत्तरनंतर भांडायचो.

त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एकच गोष्ट फिरत होती. चीन, वाघूळ, करोना. मग एका संध्याकाळी गल्लीतले चार-पाच जण कडुलिंबाचा पाला, जुनं टायर आणि रॉकेलची बाटली घेऊन वाड्यापाशी जमले. शेजारचे काका मला बघून म्हणाले, "काय बे, इंजिनियर, तूच सांग की. हे रोग ह्येंच्यातनंच आलाय न्हवं?"

मी म्हणालो, "काका, थांबा की जरा. सगळी वाघळं सारखी नसतात."

"मग ही कुठली हायेत?"

मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं जी वाघळं मी रोज बघितली, त्यांचं नाव मला सांगता येईना. काकांनी दोन सेकंद वाट बघितली आणि टायर पेटवलं. मी मास्क वर ओढून घरात आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाड्यातून कुणीच बाहेर पडलं नाही.

त्यानंतर जे वाचत गेलो ते सगळं काकांच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना. 'कुठली हायेत' हा प्रश्न आपल्या दख्खनच्या पठारावर दोनशे वर्षांपूर्वीपासून विचारला जातोय, आणि त्याची उत्तरं पुन्हापुन्हा चुकली आहेत.

आपल्या भाषेत या प्राण्याला दोन-तीनच नावं आहेत. झाडावर उलटं लटकणारं मोठं ते वटवाघूळ, नुसतं वाघूळ म्हटलं तर कुठलंही, आणि घरात शिरून ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारी ती पाकोळी. पाकोळी हे नाव तर एका पक्ष्यालाही आहे. म्हणजे दोन वेगळ्या प्राण्यांना एकच प्रायमरी की. आमच्या आजीचं वर्गीकरण याहून सोपं होतं. घरात आलेली अशुभ, बाहेरची देवाची.

दख्खनच्या सस्तन प्राण्यांची पहिली नीट यादी केली ती कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने. हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. १८२४ मध्ये त्याला मुंबई इलाख्यातली आकडेवारी गोळा करण्याचं काम मिळालं, आणि माणसं-बैल-पिकं मोजता मोजता त्याने पक्षी, मासे आणि वाघळंही नोंदवली. १८३१ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्याची यादी आली. तिच्यात एका वाघळाला त्याने 'ऱ्हायनोलोफस दुखुनेन्सिस' असं नाव दिलं. दुखुन म्हणजे दख्खन. आपल्या पठाराचं नाव लागलेलं वाघूळ!

ते नाव टिकलं नाही. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीहून गेलेल्या अशाच वाघळाला श्नायडरने १८०० मध्येच नाव देऊन ठेवलं होतं. प्राणिशास्त्रात आधीचं नाव जिंकतं. त्यामुळे दुखुनेन्सिस आज 'हिप्पोसिडेरॉस स्पिओरिस' या नावाखाली डुप्लिकेट एन्ट्री म्हणून पडून आहे. साइक्सची चूक म्हणता येणार नाही. घोड्याच्या पाठीवरून फिरणाऱ्या माणसाकडे तुलना करायला काय होतं? कातडी, कवटी, दात आणि एक फूटपट्टी. पुढची दीडशे वर्षं वाघळांचं शास्त्र याच चार गोष्टींवर चाललं.

फूटपट्टीने काही वेळा उत्तम कामही केलं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ ते १९२३ या काळात भारतातल्या सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण केलं. त्यामागे जोर होता रॉबर्ट चार्ल्स रॉटन या निवृत्त वन अधिकाऱ्याचा. याच सर्वेक्षणाच्या सुरुवातीच्या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक मोठ्या कानांचं वाघूळ सापडलं. लंडनच्या ओल्डफील्ड थॉमसने १९१३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला रॉटनचं नाव दिलं. आज त्याला 'ओटोमॉप्स रॉटनी' म्हणतात. गंमत अशी की त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं हे वाघूळ जगात फक्त त्या एका ठिकाणी माहीत होतं. २००१ मध्ये कंबोडियातून एक नोंद आली, मेघालयातही ते मिळालं. म्हणजे ते दुर्मीळ होतं, की कुणी बघितलंच नव्हतं? बहुधा दोन्ही.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट गुहेतली नाही, ती मुंबईतल्या संग्रहाच्या एका खणातली आहे.

१९४८ मध्ये अँगस हटन नावाच्या मळेवाल्याने तामिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात एक फळं खाणारं वाघूळ पकडलं. नमुना सोसायटीच्या संग्रहात आला. लेबल लागलं 'सायनोप्टेरस स्फिंक्स', म्हणजे केळी-पेरूच्या बागांमध्ये आढळणारं आपलं नेहमीचं छोटं फळवाघूळ. खण बंद झाला. २४ वर्षं तो कितीदा उघडला गेला असेल! १९७२ मध्ये किट्टी थोंगलोंग्या हे थायलंडचे संशोधक या संग्रहातली वाघळं तपासत होते. त्यांच्या लक्षात आलं की या 'नेहमीच्या' वाघळाला शेपूटच नाही आणि दातही वेगळे आहेत. नुसती नवी प्रजाती नाही, त्याच्यासाठी अख्खी नवी जातकुळी करावी लागली. नाव ठेवलं 'लॅटिडेन्स सलीमअलीआय', सलीम अलींच्या नावाने. पुढे १९९३ मध्ये ते जंगलात पुन्हा जिवंत मिळालं, तोवर एका नमुन्यावरच सगळी ओळख उभी होती.

नवा प्राणी शोधायला जंगलात जावं लागतं असं मला वाटायचं. इथे तो मुंबईत फोर्टमध्ये, फॉर्मॅलिनच्या वासात पडून होता, आणि त्याच्यावर चुकीचं लेबल होतं.

या मुद्द्यावर माझ्यासारख्या माणसाला एक शंका येते. शेपूट आहे की नाही हे निदान डोळ्यांना दिसतं. जे डोळ्यांना दिसतच नाही त्याचं काय? दोन प्राणी, रंग तोच, माप तेच, दात जवळपास तेच, आणि तरीही वेगळे. असे असू शकतात हे कळायला फूटपट्टीऐवजी मायक्रोफोन लागला.

वाघळं अंधारात कानांनी बघतात हा संशय इटलीच्या स्पालांझानीला १७९३-९४ मध्येच आला होता. त्याने डोळे निकामी केलेली वाघळं उडवून बघितली (प्रयोग क्रूर होता), ती कशालाही न धडकता उडाली. स्वित्झर्लंडच्या ज्यूरीनने कान बंद केले, तेव्हा ती धडकू लागली. पण ऐकू तर काहीच येत नव्हतं, म्हणून लोकांनी हसण्यावारी नेलं. १९३८ मध्ये डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने वाघळं एका भौतिकशास्त्रज्ञाच्या यंत्रापुढे धरली आणि माणसाच्या कानापलीकडचा कलकलाट पहिल्यांदा नोंदला गेला.

आपला कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. फोनचं रेकॉर्डिंगही तेवढ्यासाठीच बनलेलं असतं. सेकंदाला ४८ हजार नमुने घेणारा फोन २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही पकडूच शकत नाही, हे गणित आम्हाला तिसऱ्या वर्षाला होतं. बहुतेक वाघळं त्याच्या खूप वर बोलतात.

आणि वर बोलताना ती आपापल्या पट्टीत बोलतात. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये लक्षात आलं की तिथल्या सगळ्यात साध्या, घराघरात आढळणाऱ्या पिपिस्ट्रेल वाघळाचे दोन गट आहेत. एक ४५ किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतो, दुसरा ५५ च्या. १९९७ मध्ये डीएनए तपासला, तर दोघांच्या मायटोकाँड्रियातल्या एका जनुकात ११ टक्क्यांहून जास्त फरक निघाला. ज्या देशात प्रत्येक फुलपाखराचं रजिस्टर आहे, तिथे लोकांच्या छपराखाली राहणारे दोन प्राणी दोनशे वर्षं एकाच नावावर खपले होते.

आपल्याकडेही तेच घडलं. सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात एक तांबूस वाघूळ आहे, नाकावर घोड्याच्या नालेसारखी पाळ असलेलं. 'ऱ्हायनोलोफस रूक्सीआय' हे त्याचं नाव १८३५ पासूनचं. या घोडनाल्या वाघळांची गंमत म्हणजे ती एकाच ठरावीक पट्टीचा लांब सूर लावतात आणि त्यांचा कान त्याच सुरावर कमालीचा बारीक जुळलेला असतो. किडा पंख हलवतो, परत येणारा प्रतिध्वनी किंचित थरथरतो, तेवढ्यावरून सावज कळतं. म्हणजे पट्टी बदलणं म्हणजे रेडिओचं स्टेशन बदलणं. मदुराई कामराज विद्यापीठ आणि बंगळुरूच्या एनसीबीएसमधल्या संशोधकांना या एका 'प्रजाती'त दोन स्टेशनं सापडली, एक साधारण ८० आणि दुसरं ९० किलोहर्ट्झच्या आसपास. डीएनएनेही दोन फांद्या दाखवल्या. २०१२ मध्ये दुसरीला वेगळं नाव मिळालं, 'ऱ्हायनोलोफस इंडोरूक्सीआय'. साइक्सच्या वेळेपासून जे एक होतं ते दोन झालं.

डीएनएने फांद्याच नाही, अख्खं झाड हलवलं. मोठी फळखाऊ वाघळं एका बाजूला आणि छोटी, आवाजाने शिकार करणारी सगळी दुसऱ्या बाजूला, ही विभागणी इतकी उघड वाटायची की १९८० च्या दशकात पेटिग्रू या शास्त्रज्ञाने मोठी वाघळं आपल्या, म्हणजे माकडांच्या, जवळची असावीत असंही सुचवलं. जनुकांनी सांगितलं तसं नाही. सगळी वाघळं एकाच पूर्वजाची. शिवाय ते घोडनालं छोटं वाघूळ इतर छोट्या वाघळांपेक्षा वडावर लटकणाऱ्या थोरल्या वाघळाला जास्त जवळचं. दिसण्यावरून नाती ठरवू नयेत हे वाघळांच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे.

ही मंडळी जुनी किती? सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत वाघळांचे दात आणि जबड्याचे तुकडे सापडले आहेत. २००७ मध्ये त्यावर जो शोधनिबंध आला त्यात सात प्रजाती आहेत, वय पाच कोटी वर्षांहून जास्त. हिमालय तेव्हा उभा राहायचा होता. अजिंठ्याचा काळा दगड मात्र त्याच्या सव्वा कोटी वर्षं आधीच थंड होऊन बसला होता. आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच संशोधकाने १९६० च्या सुमारास अजिंठा, वेरूळ, कान्हेरीची लेणी वाघळांसाठी पालथी घातली. बाकी सगळे चित्रं बघायला वर बघतात, हा गडी वाघळांसाठी. (त्यांच्या विष्ठेने अजिंठ्याची चित्रं खराब होतात हेही खरं, आणि त्यावरचा पुरातत्त्ववाल्यांचा वैताग मला समजतो.)

आता नावाने काय फरक पडतो ते सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वाघळं उंदीर-घुशी आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. सर्वोच्च संरक्षण फक्त दोघांना मिळालं, बारापेडेचं रॉटनी आणि खणातलं सलीमअलीआय. म्हणजे तो नमुना चुकीच्या लेबलखाली राहिला असता, तर कायद्याच्या नजरेत ते वाघूळ उंदरांच्या रांगेत असतं. किडे खाणारी बाकीची छोटी वाघळं कुठल्याच यादीत नव्हती. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात हनुमनहळ्ळीच्या गुहेत एक वाघूळ आहे. पुण्याच्या विषाणू संस्थेत काम केलेले एच. आर. भट आणि जर्मनीचे डीटर कॉक यांनी १९९४ मध्ये त्याला नाव दिलं, 'हिप्पोसिडेरॉस हायपोफायलस'. आजूबाजूला ग्रॅनाइटच्या खाणी, आणि शिल्लक वाघळं दोनशेच्या आत. त्या गुहेला सुरुंग लागला तर एक प्रजाती जाईल. नाव नसतं तर 'काही वाघळं' गेली असती. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती यादी कायद्यातून काढली.

रोगाच्या बाबतीतही प्रश्न हाच. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या एनआयव्हीच्या लोकांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतून वाघळांचे नमुने घेतले होते. त्यात निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं, त्या मुख्यतः गुहेत राहणाऱ्या फळखाऊ 'रूसेटस'मध्ये. सार्ससारख्या करोना विषाणूंचे नातलग मिळाले ते प्रामुख्याने घोडनाल्या वाघळांत. जगात वाघळांच्या चौदाशेहून जास्त प्रजाती आहेत. 'वाघळांमुळे रोग' हे 'पक्ष्यांमुळे आवाज' म्हणण्याइतकंच ढोबळ आहे. काकांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि आता कायमचं नाही. वाड्यातली ती कुठली होती, पिपिस्ट्रेल की आणखी काही, ते त्या धुराबरोबर गेलं.

गेल्या दिवाळीला मी ऑडिओमॉथ नावाचं काड्यापेटीएवढं रेकॉर्डर मागवलं. ते सेकंदाला ३ लाख ८४ हजार नमुने घेतं. डाउनलोड केलेल्या फाइलचा आलेख काढायला एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. तीन संध्याकाळी भुईकोट किल्ल्याच्या बाहेर, सिद्धेश्वर तलावाच्या कडेला उभा राहिलो. पहिल्या दिवशी एका भेळवाल्याने विचारलं, "सरकारी मोजणी हाय का?" मी नाही म्हणालो. "मग कशाला थांबलाय?" मी त्याला लॅपटॉपवर आदल्या मिनिटाचा आलेख दाखवला. ४७ किलोहर्ट्झच्या आसपास पडणाऱ्या छोट्या छोट्या रेघा, हॉकीस्टिकसारख्या, आणि मध्येच एक वेगळा, ३० च्या खाली. "ह्ये आत्ता आपल्या डोक्यावर चाललंय?" त्याने वर बघितलं. भेळ करायची थांबवून दोन मिनिटं वरच बघत राहिला.

काकांनाही दाखवला. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघून म्हणाले, "वाड्यातली परत आली का रे?" नाही म्हणालो.

फोल्डरमध्ये आता २१४ फाइली आहेत. ४७ वाल्यांना मी तात्पुरतं पिपिस्ट्रेल म्हणतो, कंसात प्रश्नचिन्ह. ३० च्या खालचा आवाज पाच वेळा आला आहे. ती फाइल सध्या 'अनोळखी ०३' या नावाने ठेवली आहे.