एक आकडा आणि अनेक वह्या

फेसबुकच्या पानावर माथ्याशीं एक लहानसा लाल आकडा दिसत असे. न वाचलेले निरोप किती, एवढेंच तो सांगे. आकडा पाहून मनुष्य उत्सुकतेनें पेटी उघडी, आणि आंत पाहतो तों नवें कांहींच नाहीं! अभियंत्यांनीं दोष दूर करावा, कांहीं दिवस सुरळीत जावे, आणि त्यानें पुन्हां डोकें वर काढावें, असा क्रम चालला होता. तिऱ्हाइतास ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्या साध्या आकड्यावरहि भरंवसा ठेवतां येत नाहीं, त्याच्या इतर बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

दोषाचें मूळ आकड्यांत नव्हतें, रचनेंत होतें. असलें पान अनेक घटकांचें बनलेलें असतें. माथ्यावरील आकडा हा एक घटक, संभाषणांची यादी हा दुसरा, कोपऱ्यांतील गप्पांची चौकट हा तिसरा. निरोप वाचला कीं नाहीं, ही माहिती तिघांनाहि हवी. अशा माहितीस जाणकार 'स्टेट', म्हणजे स्थिति, म्हणतात. एकत्र कुटुंबांत दुधाचा हिशेब सासू, सून व गडी अशा तिघांनीं निरनिराळा ठेवावा आणि महिनाअखेर गवळ्यासमोर तीन बेरजा निघाव्या, तसलाच हा प्रकार!

माहिती व तिचें दर्शन हीं वेगळीं ठेवावीं, हा विचार जुनाच. ट्रिग्वे रीन्सकॉग या नॉर्वेजियन संशोधकानें तो १९७९ मध्यें झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रांत मांडला होता. परंतु अनेक वह्या व अनेक दर्शनें परस्परांस बदल कळवूं लागलीं, कीं कोणाच्या सांगण्यानें काय बदललें, हें कळेनासें होई.

२०१४ मध्यें फेसबुकच्या अभियंत्यांनीं 'फ्लक्स' ही पद्धति प्रसिद्ध केली. घटकानें माहितीस स्वतः हात लावावयाचा नाहीं. काय घडलें एवढेंच कळवावयाचें. ती वार्ता एकाच दारानें वहीकडे जाई, तेथें नोंद बदले, आणि मग घटक नव्यानें रंगत. प्रवाह एकाच दिशेचा. पुढल्याच वर्षीं डॅन अब्रामोव्ह व अँड्र्यू क्लार्क यांनीं 'रिडक्स' रचलें आणि अनेक वह्यांची एकच वही केली. एल्म या भाषेचें ऋण त्यांनीं मोकळेपणीं मान्य केलें आहे. येथें जुनी स्थिति खोडावयाची नाहीं. जुनी स्थिति व घडलेली गोष्ट यांवरून नवी काढावयाची. पेढीवरील रोजकीर्दीचा नियम याहून निराळा नाहीं. त्यामुळें मागील कोणत्याहि क्षणाकडे परत जाऊन चूक नेमकी कोठें शिरली, हें पाहतां येऊं लागलें.

यश आलें कीं अतिरेक आलाच! कोठली चौकट उघडी आहे, कोणी अर्धा शब्द टंकला आहे, हेंहि लोक त्या मोठ्या वहींत चढवूं लागले. एका टिचकीसाठीं चार ठिकाणीं कारकुनी! २०१६ मध्यें खुद्द अब्रामोव्ह यांनींच लिहिलें, कीं रिडक्सची गरज प्रत्येकास असेलच असें नाहीं. फेसबुकनें २०१३ मध्यें सर्वांस खुल्या केलेल्या 'रिअ‍ॅक्ट'मध्यें २०१९ सालीं 'हूक्स' आले. तेव्हां अगदीं साध्या घटकासहि आपली लहानशी स्थिति जवळ बाळगण्याची सोय झाली. अर्धा टंकलेला शब्द त्यानें स्वतःपाशींच ठेवावा, न वाचलेल्या निरोपांची गणती मात्र सामाईक वहींतून घ्यावी, अशी वांटणी मग रूढ होत गेली.