अनिवासी भारतीयांच्या ठेवी : जागतिक भांडवल-प्रवाहाचा एक निर्देशक (१९७० ते २०१६)

प्रस्तावना

एका देशातील व्यक्तीने दुसऱ्या देशातील बँकेत ठेवलेली खाजगी ठेव ही जागतिक भांडवल-प्रवाहाची एक खूण मानली जाते. बाझल येथील बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स अशा सीमापार देण्या-घेण्याची आकडेवारी अनेक दशके संकलित करीत आली आहे. ठेवी वाढल्या की विश्वास वाढला, असा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. तथापि भारतातील अनिवासी ठेवींचा इतिहास पाहता हा अर्थ अपुरा ठरतो. विनिमयदराचा धोका कोणी पत्करला, हे पाहिल्याखेरीज या आकड्यांचे योग्य वाचन होत नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

ठेव योजनांचा उदय

१९७० मध्ये अनिवासी भारतीयांसाठी 'एनआरई' हे रुपयातील खाते सुरू झाले. त्यात रुपयाच्या घसरणीचा धोका ठेवीदाराचा होता. १९७३ च्या तेल दरवाढीनंतर आखाती देशांत भारतीयांना रोजगार मिळू लागला व परदेशात शिल्लक साठू लागली. ती आकर्षित करण्यासाठी १९७५ मध्ये 'एफसीएनआर-ए' ही परकीय चलनातील ठेव योजना आली. तीत विनिमयदराचा धोका रिझर्व्ह बँकेने स्वीकारला होता. ठेवीदारास आंतरराष्ट्रीय बाजारापेक्षा अधिक व्याज मिळे आणि मुद्दल डॉलर वा पौंडात सुरक्षित राही. साहजिकच ठेवी वाढल्या. मार्च १९९१ अखेर अनिवासी ठेवींचा साठा सुमारे १४ अब्ज डॉलर होता व त्यातील मोठा भाग 'एफसीएनआर-ए' ठेवींचा होता. या वाढीत नव्याने आलेल्या पैशाबरोबर खात्यात जमा होत गेलेले व्याजही होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

१९९०-९१ चा अनुभव

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेलाचे दर भडकले, देशात राजकीय अस्थैर्य होते आणि भारताचे पतमानांकन घसरले. ऑक्टोबर १९९० पासून अनिवासी ठेवी बाहेर जाऊ लागल्या. एप्रिल ते जून १९९१ या तिमाहीत सुमारे ९५ कोटी डॉलरच्या ठेवी निघून गेल्या. त्या सुमारास देशाची परकीय चलन गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीस पुरेल एवढीच होती. मे महिन्यात २० टन सोने परत खरेदीच्या अटीवर विकण्यात आले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला नेऊन त्याच्या तारणावर सुमारे ४० कोटी डॉलर उभारण्यात आले. म्हणजे तारणातून मिळालेली रक्कम एका तिमाहीत गेलेल्या ठेवींच्या निम्मीही नव्हती. याच जुलैमध्ये रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. ठेवीदाराचे डॉलर अबाधित राहिले. तोटा मात्र सार्वजनिक तिजोरीवर पडला.

धोक्याचे हस्तांतर

व्यवहारतोलाविषयीच्या रंगराजन समितीने १९९३ मध्ये अशा हमीयुक्त ऋणरूप प्रवाहांवरील अवलंबन कमी करण्याची शिफारस केली. त्याच वर्षी 'एफसीएनआर-बी' योजना सुरू होऊन विनिमयदराचा धोका बँकांकडे गेला. १९९४ मध्ये जुन्या योजनेत नव्या ठेवी घेणे बंद झाले.

तरीही संकटकाळी अनिवासीयांकडे वळण्याची प्रथा टिकली. अणुचाचण्यांनंतरच्या निर्बंधांच्या काळात, १९९८ मध्ये, रिसर्जंट इंडिया बाँड्समधून ४.२ अब्ज व २००० मध्ये इंडिया मिलेनियम डिपॉझिट्समधून ५.५ अब्ज डॉलर उभारले गेले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखे-खरेदी आटोपती घेण्याचे संकेत देताच रुपया कोसळला. तेव्हा रिझर्व्ह बँकेने बँकांना तीन वर्षे वा अधिक मुदतीच्या नव्या 'एफसीएनआर-बी' ठेवींचे डॉलर वार्षिक ३.५ टक्के दराने अदलाबदल करून देण्याची सोय केली. सुमारे २६ अब्ज डॉलर आले. अनेक ठेवीदारांनी परदेशी बँकांकडून कर्ज काढून ही रक्कम ठेवली होती. किंबहुना ठेवीच्या नावाखाली परदेशी बँकांचे कर्जच भारतात आले आणि विनिमयदराचा धोका पुन्हा रिझर्व्ह बँकेकडे परतला. २०१६ मध्ये या ठेवींची परतफेड सुरळीत झाली, कारण त्यासाठीच्या डॉलरची तजवीज आगाऊ केलेली होती.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ठेवींच्या एकूण साठ्यापेक्षा त्यांच्या आवक-जावकीची दिशा अधिक बोलकी असते. १९९० मध्ये साठा मोठा असतानाच ओघ उलटला होता. दुसरी, हमीच्या बळावर आलेली ठेव ठेवीदाराच्या विश्वासापेक्षा हमी देणाऱ्याची निकड अधिक दाखवते. तिसरी, ठेवीदार अनिवासी भारतीय असला तरी पैसा त्याच्या बचतीचा असेलच असे नाही. म्हणून अर्थेतिहासाच्या अध्यापनात ठेवींचे आकडे मांडताना त्यांच्यामागील करारही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा १९९० पूर्वीची वाढ केवळ यश म्हणून शिकवली जाईल आणि १९९१ चे संकट अकस्मात उद्भवल्यासारखे भासेल.