राजवट बदलते, वहिवाट उरते

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर तापीकडे पाहत कोणी म्हणाले, की फारुकी, मोगल, निजाम, मराठे, इंग्रज असे धनी बदलले आणि दर खेपेला आधीच्या धन्याचा शब्द पाण्यात गेला, तर ऐकणारा सहज मान डोलावतो. राज्य गेले की करारमदार गेले, हा समज इतका रुळलेला आहे. पण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १२ एप्रिल १९६० चा निकाल त्याला छेद देतो. आणि त्या खटल्याचे मूळ पेशवाईतच आहे.

१७७९ च्या तहाने पुणे दरबाराने पोर्तुगीजांना दमणलगतच्या गावांचा वार्षिक १२,००० रुपयांचा महसूल कबूल केला. १७८३ व १७८५ च्या सनदांनी गावे ठरली; तीच पुढची दादरा-नगरहवेली. १९५४ साली ती पोर्तुगीजांकडून मुक्त झाली, भारताने दमणहून तिकडे जाणारी वाट रोखली आणि पोर्तुगालने दावा लावला. न्यायालय म्हणाले, मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. मात्र इंग्रजी अमलापासून सव्वाशे वर्षे खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची अखंड ये-जा होती. ही वहिवाट हक्क ठरली आणि १९४७ च्या सत्तांतराने ती मोडली नाही. फौज, सशस्त्र पोलीस व दारूगोळा परवानगीनेच जात, म्हणून त्यांना हक्क नाही. आणि १९५४ च्या तणावात वाट रोखणे भारताच्या नियमनाच्या अधिकारात बसते.

कोणी विचारील, वहिवाट एवढी चिवट असेल तर हाँगकाँगच्या हस्तांतराआधी विमानसेवेच्या करारांसाठी वर्षानुवर्षे खल कशाला? कारण आकाशात वहिवाट पडत नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार आपल्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राची पूर्ण सत्ता असते. परवानगीवाचून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा चालत नाही. हाँगकाँगची परवानगी ब्रिटनच्या करारांत होती, आणि ब्रिटन तर जाणार होते. म्हणून १९८४ च्या चीन-ब्रिटन जाहीरनाम्यात हवाई वाहतुकीची स्वतंत्र तरतूद झाली. १९८६ मध्ये नेदरलँड्सशी हाँगकाँगचा पहिला स्वतंत्र करार झाला, मग इतर देशांशी.

गोव्याच्या सत्तांतराआधी असे बोलणे झालेच नाही. पोर्तुगीजांनी १९५५ साली तिथे स्वतःची विमानसेवा काढली. १८ डिसेंबर १९६१ ला दाबोळीच्या धावपट्टीवर भारतीय विमानांचे बाँब पडले आणि ती सेवा संपली.

तेव्हा सत्तांतराने सारे हक्क बुडतात हे खोटे, आणि सारे आपोआप तरतात हेही खोटे. जमिनीवरचा हक्क वापराने टिकतो. हवेतला हक्क झेंडा उतरण्याआधी लिहून घ्यावा लागतो.